एल्मेलुंडच्या सहा फिती

चोरीला गेलेली वस्तू परत मिळाली म्हणून पोलिसांना बोलावणारं माणूस एस्बेन क्विस्टने तीस वर्षांच्या नोकरीत पाहिलं नव्हतं. मंगळवारी सकाळी साडेनऊला स्वेनबोर्गच्या पोलीस ठाण्यात फोन वाजला, तेव्हा तो राईच्या पावाला लोणी लावत होता. पोटाच्या दुखण्यापायी डॉक्टरांनी लोणी बंद केलं होतं, म्हणून जरा जाडच लावत होता.

"मी एल्मेलुंडहून आग्नेते ब्रोकेनहेल्म बोलतेय. आमचा हिऱ्यांचा मुकुट सापडला."

"अभिनंदन."

"अभिनंदन नको. तुम्ही या. माझी आई जिवंत आहे का, हे मला शनिवारच्या आत कळायला हवं."

"शनिवारी काय आहे?"

"माझं लग्न."

क्विस्टने सुरी खाली ठेवली.

एल्मेलुंडच्या मुकुटाची गोष्ट फ्युन बेटावर शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. फेब्रुवारी १९०८ मध्ये त्या हवेलीत मोठा नाच झाला. काउंट ओतोची तरुण बायको इंगेबोर्ग डोक्यावर तो मुकुट घालून पहाटेपर्यंत नाचली. सकाळी तीही नव्हती आणि मुकुटही नव्हता. घरच्यांनी सांगितलं, कुणाचा तरी हात धरून पळाली. चार वर्षांची पोर मागे टाकून, घराण्याचे हिरे घेऊन. लोकांना अशी गोष्ट फार आवडते. वीस वर्षं ती चवीने सांगितली गेली.

क्विस्ट तेव्हा साधा शिपाई होता. तांबड्या केसांची बाई दिसली की अडव, एवढा हुकूम देऊन त्याला तीन दिवस बर्फात फेरी बोटीच्या धक्क्यावर उभं केलं होतं. तांबड्या केसांची एकही बाई आली नाही. त्याच्या पायाची दोन बोटं मात्र त्या थंडीत कायमची बधिर झाली. त्यामुळे या प्रकरणाची आठवण त्याला रोज मोजे घालताना होत असे.

*

"पोलीस मागच्या दाराने येतात," थोरली काउंटेस अमालिया म्हणाली.

"पुढचं उघडं होतं, बाईसाहेब."

"ते पाहुण्यांसाठी उघडं आहे."

ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. पाठ ताठ, केस पांढरेशुभ्र, हातात चांदीच्या मुठीची काठी. नातीने पोलिसांना फोन केला हे तिला आवडलेलं नव्हतं, आणि न आवडलेली गोष्ट लपवण्याची तिला सवय नव्हती.

आग्नेते खिडकीपाशी उभी होती. चोवीस वर्षांची, हडकुळी. वेणीचे केस नव्या तांब्याच्या भांड्यासारखे लखलखीत. टेबलावर निळ्या चामड्याची पेटी होती आणि पेटीत मुकुट.

हिऱ्यांच्या केलेल्या गव्हाच्या लोंब्या, एकामागून एक अशा अकरा. लोंब्यांच्या खाली चांदीची उघडी पट्टी. क्विस्टला दागिन्यांतलं काही कळत नसे. तरी तोही वाकून बघत राहिला.

"कसा आला?"

"गेल्या गुरुवारी मी बागेत होते," काउंटेस म्हणाली. "खलाशासारखा एक माणूस आला. एक पुडकं हातात दिलं, म्हणाला अँटवर्पहून आणलंय, आणि गेला."

"नाव?"

"मी खलाशांची नावं विचारत नाही."

"पुडक्याचा कागद?"

"जाळला. घाणेरडा होता."

"अजून कुणी पाहिलं त्याला?"

"माझ्या शब्दाला साक्षीदार लागतो, असं आजवर कुणी म्हटलेलं नाही."

"मी म्हणत नाही, बाईसाहेब. फक्त विचारतोय."

आग्नेते मध्येच बोलली. "आजी, तो आईबद्दल काही बोलला असेल ना? एखादा शब्द?"

"बोलला असता तर सांगितलं असतं. मेली असेल ती कुठल्या तरी धर्मशाळेत. मरताना लाज वाटली असेल. तू मुकुट घाल आणि विषय संपव. तुझ्या सासूच्या डोक्यावर शनिवारी तिच्या घराण्याचा मुकुट असणार आहे. माझी नात उघड्या डोक्याने चर्चमध्ये जाणार नाही."

पोरीने ओठ घट्ट मिटले. असं बोलणं गिळायची सवय तिला लहानपणापासून होती, हे क्विस्टच्या लक्षात आलं.

त्याने मुकुटाच्या पट्टीवरून बोट फिरवलं. "ही अशी उघडी डोक्याला टोचत नाही?"

पहिल्यांदाच म्हातारीचा चेहरा खुलला. घराण्याबद्दल सांगायला मिळालं की ती पोलिसांशीही बोलत असे. "मखमलीची फीत गुंडाळतात. जी घालणार तिच्या केसांच्या रंगाची. म्हणजे पट्टी केसांत दिसेनाशी होते. मग दासी त्या फितीतून टाके घालून मुकुट वेणीला शिवून टाकते. रात्रभर नाचलं तरी हलत नाही. तीन लोंब्यांचे मुकुट आता दुकानातही मिळतात, चापाने लावायचे. हा तसला नव्हे."

"मग नवी सून आली की?"

"जुनीची फीत उसवून काढायची. तो मान घरातल्या थोरल्या काउंटेसचा. दासींनी हात लावायचा नाही. मुकुट घराण्याचा असतो, फीत त्या बाईची. काढलेली फीत पेटीच्या खणात राहते. एकशे तेरा वर्षांत ही रीत एकदाही चुकलेली नाही."

तिने स्वतःच पेटीच्या तळाचा खण ओढला. आत फिती गुंडाळून ठेवलेल्या होत्या. एक काळी, एक पिंगट, दोन सोनेरी, एक राखी, एक तांबूस. क्विस्टने त्या एकेक करून उजेडात धरल्या, उलट्या करून आतली बाजू पाहिली. कडेला जुन्या दोऱ्यांचे तुकडे अजून अडकलेले होते. बहुतेक फितींना त्यांच्याच रंगाचा दोरा होता. एकीच्या आतल्या अंगाला मात्र हिरवा.

"शिवणकामाची हौस दिसते," काउंटेस म्हणाली.

"आई शिंपीण होती, फोबोर्गला. या दिवाणखान्याचे पडदे तिनेच शिवले होते, बाईसाहेब."

"आठवतात. आखूड झाले होते."

क्विस्टने फिती पुन्हा जागेवर ठेवल्या. पडदे आखूड झाले म्हणून आईला या घरातून रिकाम्या हाताने परत पाठवलं होतं, ते त्यालाही आठवत होतं. 

"हा मुकुट असा उघडाच आला? फितीशिवाय?"

"असाच."

"बरं," क्विस्ट म्हणाला.

*

काउंट ओतो त्याच्या खोलीत कुत्र्यांसोबत बसला होता. पन्नाशी उलटलेला, मऊ चेहऱ्याचा माणूस. आईच्या पावलांचा आवाज आला की वाक्य अर्धवट सोडायचा. त्याने क्विस्टला हेरिंग मासा लावलेला पाव आणि अक्वाविट दारूचा पेला दिला.

"कोमट आहे, माफ करा. बर्फ फोबोर्गहून मागवावा लागतो आणि तो इथे येईतो अर्धा वितळतो."

"एवढ्या मोठ्या हवेलीला स्वतःचं बर्फाचं कोठार नाही?"

"होतं की. टेकडीच्या पोटात, माळ्याच्या घराच्या अलीकडे. तळ्यातला बर्फ कापून भुशात रचायचे, ऑगस्टपर्यंत पुरायचा. मग आईने ते विटांनी बुजवलं. छत खचत होतं म्हणे."

"कधी?"

"ते… ती गेली ना, त्याच आठवड्यात. घरात आधीच रडारड, त्यात गवंडी."

"फेब्रुवारीत? म्हणजे बर्फ नुकताच भरला असेल."

"काठोकाठ. सगळा फुकट गेला." काउंटने पेला रिकामा केला. "मला त्याचं दुःख नाही. बर्फ तडकला की धाड धाड आवाज यायचा, अगदी घरापर्यंत. नाचाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तर दोन तास चालला होता. मी आईला विचारलंही. ती म्हणाली, बर्फ बसतोय, नाश्ता कर."

क्विस्ट पाव चावता चावता थांबला.

"तुमच्या बायकोचं कुणावर प्रेम होतं?"

"मला माहीत नाही."

"तिने घर सोडायचं बोलून दाखवलं होतं?"

काउंटने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आधल्या आठवड्यात. म्हणाली, मी माहेरी जाते, पोरीला घेऊन. इथे माझा श्वास कोंडतो. मी आईला सांगितलं."

"तिने सांगू नका म्हटलं होतं?"

"हो."

"आणि तुम्ही सांगितलंत."

"आईपासून मी काही लपवत नाही," काउंट ओतो म्हणाला. पन्नाशीतल्या माणसाने हे अभिमानाने सांगावं याची क्विस्टला किळस आली.

काउंटसोबत जेवणघरातून बाहेर पडताना त्याने भिंतीवरची चित्रं पाहिली. मुकुट घातलेल्या सुनांची पाच चित्रं ओळीने होती. शेवटच्या चित्रात तरुण अमालिया होती, काळ्याभोर केसांची. तिच्या शेजारी भिंतीचा रंग एका चौकोनात जरा गडद राहिला होता.

"सहावं कुठे गेलं?"

"आईने जाळलं," काउंट म्हणाला.

*

आग्नेते फाटकापर्यंत सोबत आली. बीच नावाच्या झाडांना कोवळी पालवी फुटली होती आणि बाजूच्या शेतात लग्नासाठी मांडव उभा राहत होता. तिचं तिकडे लक्षही नव्हतं.

"खरं सांगा. अँटवर्पला कुणाला पाठवाल ना?"

"तुम्हाला आई सापडायला हवी, की तिने काय केलं ते कळायला हवं?"

तिने मांडवाकडे पाठ केली.

"माझा एक कोट होता," ती म्हणाली. "निळा, सशाच्या केसांची कॉलर असलेला. आई गेली त्या दिवशी तोही नाहीसा झाला. मी थंडीने रडायला लागले, तेव्हा आजीने मला मांडीवर घेऊन समजावलं. मांडीवर घेतल्याचं ते एकदाच आठवतं. म्हणाली, तुझ्या आईने तुझा कोटसुद्धा नेला. तो विकता येतो. तू विकता येत नाहीस, म्हणून तुला ठेवून गेली." तिने केस कानामागे सारले. "तो अख्खा हिवाळा मला नवा कोट शिवला नाही. लक्षात राहावं म्हणून. राहिलं लक्षात. मला एवढंच कळायला हवंय, क्विस्टसाहेब. तिने खरंच माझ्याऐवजी कोट निवडला का?"

क्विस्टला बाप व्हायचं भाग्य मिळालं नव्हतं. तरी त्या क्षणी त्याला म्हातारीच्या हातातली काठी मोडून टाकावीशी वाटली.

"तुमचे केस कुणाचे?"

"आईचे. या घरात आमच्या दोघींशिवाय तांबडं कुणीच झालं नाही. आजी म्हणते गंजलेले."

"आणि तुमची फीत? शनिवारची?"

"कोपनहेगनहून परवा येईल. रंग जुळायला वेळ लागला."

"परवा," क्विस्ट पुटपुटला, आणि टोपी घालून निघाला.

*

सीने बेक स्वेनबोर्गच्या बंदरामागे एका धोबीखान्यात चादरी दुरुस्त करत होती. ती इंगेबोर्गची दासी होती. मालकिणीला पळायला मदत केली म्हणून तिने कोपनहेगनच्या बायकांच्या तुरुंगात तीन वर्षं काढली होती. आता साठीला आली होती. पोलीस दिसताच तिने सुई खाली ठेवून दोन्ही हात पुढे केले.

"नेताय? न्या. तिथे निदान चादरी स्वतःच्या असतात."

"न्यायला नाही आलो. नाचाच्या संध्याकाळचं सांगा."

"कोर्टात सात वेळा सांगितलं. कुणी ऐकलं?"

"मला फक्त फितीचं सांगा."

सीनेने डोकं वर केलं. फितीबद्दल तिला कुणीच कधी विचारलं नव्हतं.

"धाकट्या बाईसाहेबांची फीत? तांबूस, लग्नातलीच. त्या संध्याकाळी मी मुकुट डोक्यावर चढवला आणि बघते तर फितीचं टोक सुटलेलं. खाली पाहुणे यायला लागलेले. तांबडा दोरा सापडेना. मग मी हिरव्यानेच आतून टाके मारले. म्हटलं, आतून कुणाला दिसतंय? बाईसाहेब हसल्या. म्हणाल्या, सीने, आता मी झाडावरचं सफरचंद दिसेन."

"हिरवा दोरा तुम्ही त्याआधी कधी वापरला होता?"

"नाही हो. त्याच संध्याकाळी. तासाभरात त्या खाली गेल्या."

"मुकुट वेणीला शिवलेला होता?"

"चौदा टाक्यांनी. एकटीने निघत नाही तो, मागे हात पोचत नाही. उसवायला मी वर बसून होते. त्यांनी सांगितलं होतं, नाच संपला की पोरीला उठवून आणते, मग तू मुकुट काढ, त्यांचा त्यांना राहू दे, आपण तिघी सातच्या बोटीने जाऊ. मी बसून राहिले. दहा वाजले. मग थोरल्या बाईसाहेब आल्या आणि माझ्या दोन थोबाडीत मारल्या, कुठे आहे ती चोरटी म्हणून." ती थांबली. "पोरगी कशी आहे?"

"तिचं शनिवारी लग्न आहे."

"तिला सांगा, तिची आई चोरटी नव्हती. माझं नाव नका सांगू. माझ्या नावाने कोण विश्वास ठेवणार?"

*

बुधवारी सकाळी अकरा वाजता क्विस्ट पुढच्याच दाराने आत आला. सोबत दोन शिपाई होते आणि न्यायाधीशांच्या सहीचा कागद. आणखी चार माणसं पहारी घेऊन परस्पर टेकडीकडे गेली.

दिवाणखान्यात तिघे होते. अमालिया खुर्चीत, ओतो शेगडीपाशी, आग्नेते खिडकीत. टेबलावर निळी पेटी कालच्यासारखीच होती.

"अँटवर्पचं काही कळलं?" आग्नेतेने विचारलं.

"मुकुट अँटवर्पला गेलाच नव्हता. तो या घरातून कधी बाहेर पडला नाही."

"तुम्हाला वेड लागलंय," अमालिया शांतपणे म्हणाली.

क्विस्टने खण ओढला. फिती टेबलावर ओळीने मांडल्या.

"काल बाईसाहेबांनी मला रीत समजावली. नवी सून आली की जुनीची फीत खणात जाते. इंगेबोर्गच्या आधी या घरात पाच सुना झाल्या. पाच चित्रं आहेत, तेव्हा पाच फिती हव्यात. सहावी इंगेबोर्गची. ती मुकुटावर होती आणि मुकुट इंगेबोर्गच्या डोक्यावर होता. मुकुट पळवला गेला तर फीतही त्याच्याबरोबर गेली. खरं ना?"

ओतोने मान डोलावली.

"मग इथे सहा कशा?" त्याने तांबूस फीत उचलली. "मला आधी वाटलं, ही नव्या नवरीसाठी आणलेली. पण तिची उद्या यायची आहे. आणि ही वापरलेली आहे. तांबड्या केसांच्या सुना या घरात किती झाल्या, काउंट?"

"एकच," ओतो म्हणाला.

"नाच सुरू व्हायच्या तासभर आधी सीने बेकने ही फीत मुकुटावरच दुरुस्त केली. घाईत हिरव्या दोऱ्याने. हा बघा हिरवा दोरा. म्हणजे शेकडो लोकांनी इंगेबोर्गला मुकुट घालून नाचताना पाहिलं तेव्हा ही फीत तिच्या डोक्यावर होती. त्यानंतर कुणीतरी मुकुट तिच्या केसांतून कापून काढला, फीत उसवली आणि गुंडाळून खणात ठेवली. चोराने हे केलं नसतं. दासीने फीत पाहिलीच नसती, मुकुट पिशवीत टाकला असता. ज्या माणसाला रीत मोडणं जमतच नाही, अशाच माणसाने हे केलं. फीत उसवायचा मान या घरात कुणाचा आहे, बाईसाहेब?"

 अमालियाचा हात आपसूक पुढे झाला आणि विस्कटलेली सोनेरी फीत तिने नीट गुंडाळून ठेवली. स्वतः काय करतेय हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

तेवढ्यात टेकडीकडून आवाज आला.

धाड. धाड. धाड.

काउंट ओतो उठून उभा राहिला. चेहऱ्यावरचा रंग उतरला. "हा आवाज…"

"पहारींचा आहे. बर्फाच्या कोठाराची भिंत फोडताहेत," क्विस्ट म्हणाला. "असाच होता ना त्या सकाळी? बर्फ तडकतो, काउंट, तेव्हा एकदा तडकतो. दोन तास दार वाजवत नाही."

ओतो आईकडे वळला. "आई, तू म्हणालीस बर्फ बसतोय."

"खाली बस, ओतो."

"तू म्हणालीस नाश्ता कर!"

"आणि तू केलास," अमालिया म्हणाली. "दोनदा वाढून घेतलंस. आता नाटक नको."

आग्नेते खिडकीतून हलली नव्हती. तिने एकच विचारलं, "आजी, ती तिथे आहे?"

म्हातारीने काठी मांडीवर आडवी ठेवली. खोटं बोलण्यात आता अर्थ नव्हता आणि माफी मागणं तिला शिकवलेलंच नव्हतं.

"पहाटे ती जिन्यात भेटली. अंगात नाचाचा पोशाख, त्यावर प्रवासाचा झगा. तुला उठवून घेऊन जाणार होती. ब्रोकेनहेल्मची पोर तिच्या बापाच्या, त्या पाद्र्याच्या घरात वाढवायला! मी म्हटलं, जा, पण मुकुट घराण्याचा आहे. तिने मुकाट मान खाली केली आणि मी कात्रीने कापून काढला. आभारसुद्धा मानले तिने. मग मी म्हटलं, पोर वर नाही, पाहुण्यांच्या गोंगाटात झोपेना म्हणून माळ्याच्या घरी ठेवलीय. चल, मी दाखवते. रस्ता कोठारावरून जातो. दार उघडं होतं. म्हटलं, बाहेर वारा आहे, तू आत थांब, मी पोरीला आणते."

"आणि कडी घातलीत," क्विस्ट म्हणाला.

"एक तास ठेवणार होते. डोकं थंड व्हावं म्हणून. पण मुक्कामाचे पाहुणे नाश्त्याला लवकर उतरले आणि मग जेवायलाही थांबले. बिशप होते. यजमानीणबाईने टेबलावरून उठणं बरं दिसलं नसतं."

"किती वाजता गेलात?"

"तीनला. तेव्हा आवाज थांबला होता."

"दार उघडून पाहिलंत?"

"कशाला?" अमालिया म्हणाली. "आवाज थांबला होता."

आग्नेतेने खिडकीची चौकट धरली.  बाहेरची धाडधाड थांबली होती.

मग पहारीवाल्यांचा मुकादम दारात आला. टोपी काढलेली, हातांना भुसा लागलेला. तो क्विस्टशी हळू आवाजात बोलणार होता, तोच आग्नेते म्हणाली, "मोठ्याने सांगा."

"बाई आहेत आत," मुकादम म्हणाला. "दाराला टेकून बसलेल्या. केस अजून तांबडे आहेत, मागून वेडेवाकडे कापलेले." त्याने खाकोटीतलं काहीतरी पुढे केलं. "हे त्यांच्याजवळ नव्हतं. वरच्या फळीवर होतं. तिथे भुसा कोरडा असतो. नीट घडी करून ठेवलेलं, ओलं होऊ नये असं."

निळा कोट होता. लोकरीला भोकं पडली होती आणि कॉलरचे सशाचे केस झडले होते. एवढासा कोट. गुंड्या मात्र सगळ्या सोडून ठेवलेल्या, पोर आली की पटकन हात घालता यावेत म्हणून.

आग्नेतेने तो दोन्ही हातांनी घेतला.

"ती मला न्यायला आली होती," ती म्हणाली. "कोट माझ्यासाठी आणला होता. गारठून मरत होती आणि माझा कोट भिजू नये म्हणून वर ठेवला तिने." मग ती जमिनीवर बसली आणि चार वर्षांच्या मुलीसारखी मोठमोठ्याने रडली. वीस वर्षं साचलेलं होतं सगळं.

ओतो तिच्याजवळ जाऊ लागला. तिने मान वर केली.

"बाबा, त्या सकाळी नाश्त्याला काय होतं?"

"आग्नेते, मला खरंच…"

"काय होतं?"

"अंडी," काउंट म्हणाला. "अंडी आणि गरम चॉकलेट."

"शनिवारी चर्चमध्ये येऊ नका," ती म्हणाली.

शिपायांनी अमालियाला उठवलं. तिने कुणाचा हात धरला नाही. दारापर्यंत गेल्यावर ती थांबली आणि मागे वळली. क्विस्टला वाटलं, आता तरी काही बोलेल.

"तांबूस फीत बाहेर राहिलीय," ती म्हणाली. "खणात ठेवा."

*

लग्न शनिवारी झालं नाही. शनिवारी इंगेबोर्गला तिच्या माहेरच्या गावी, तिच्या वडिलांच्या चर्चच्या आवारात पुरलं. नवऱ्यामुलाच्या आईने मुकुट घराच्या तिजोरीतच ठेवला आणि साधी काळी टोपी घालून आली. त्या बाईबद्दल क्विस्टचं मत त्या दिवसापासून चांगलं झालं.

लग्न जूनमध्ये त्याच चर्चमध्ये लागलं. नवरीला सजवायला स्वेनबोर्गहून एक म्हातारी आली होती. तिने पेटारा उघडला, सुई काढली आणि पोरीची तांबडी वेणी हातात घेतली, आणि नुसती त्या वेणीकडे बघत बसली, दोरा ओवायचं तिला सुचेना. शिंपिणीच्या मुलाने, म्हणजे एस्बेन क्विस्टने, तो ओवून दिला.

"हिरवाच हवा ना?" त्याने विचारलं.

"हिरवाच," आग्नेते म्हणाली.

सीने बेकने जुनी तांबूस फीत वेणीत गुंफली आणि चौदा टाके घातले. मुकुट कोर्टात पुरावा म्हणून जमा होता आणि तो कुणीच परत मागितला नाही.